तीनशे ग्रॅमचं खोटं

“चांगुणा, आधी काटा शून्यावर आण, मग लेकराला हात लाव.”

रेबेका सिस्टरचा हा आवाज मी अजून विसरलेलो नाही. मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो मी एक जुना ताणकाटा, बाळांचं वजन करणारा. ताटलीएवढा गोल चेहरा, त्यावर आकडे, पोटात स्प्रिंग, वर एक हूक आणि खाली एक हूक. वरच्या हुकानं मी छताच्या कडीला लटकतो. खालच्या हुकाला कापडाची झोळी, आणि झोळीत बाळ. आजवर किती बाळं माझ्या अंगाखाली रडली, पाय झाडून गेली, झोळी ओली करून गेली! मी कधी कुणावर रागावलो नाही. आज मात्र मला राग आला आहे, आणि तो मी गिळणार नाही.

पाथर्डीकडच्या एका गावात सरकारी दवाखाना आहे. गावाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही त्या गावाला हसाल आणि तुमच्या गावचा काटा बघायचं विसराल.

मी कारखान्यातून खोक्यात बसून आलो, तेव्हा रेबेका सिस्टरनं मला स्वतःच्या हातानं टांगलं. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या माझ्याकडे यायच्या. रिकामी झोळी लावायच्या. झोळीलाही वजन असतं, त्यामुळे माझा काटा शून्याच्या थोडा पुढं सरकायचा. मग माझ्या डोक्याजवळचा लहान स्क्रू फिरवून त्या काटा नेमका शून्यावर आणायच्या. त्यानंतर झोळीत एक किलो मिठाची न फोडलेली पुडी ठेवायच्या. मी बरोबर एक किलो दाखवलं, की मान हलवायच्या आणि मगच पहिलं बाळ हातात घ्यायच्या.

शेजारची छबूबाई दारात बसून हसायची. “सिस्टर, आमी तुळशीला पानी घालतो, तुमी काट्याला मीठ घालता व्हय?”

“हाच माझा नेम, छबूबाई. तुझा चुकत नाही ना? मग माझा का चुकावा?”

नव्यानं आशाताई झालेली चांगुणा हे सगळं बघत शिकली. नेम म्हणजे काय, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तीही देवापुढं दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे.

मग रेबेका सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना नेम माणसाबरोबर गेला. कुणी तो कागदावर लिहून ठेवला नव्हता. नवीन आलेल्या मोनिका सिस्टरला कुणी सांगितलंही नाही. एकटी बाई, बाळंतपणं तिनंच करायची, लसी तिनंच द्यायच्या, रजिस्टरंही तिनंच भरायची.

याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास माझी जुनी झोळी फाटली. चांगुणाला वाईट वाटलं. थंडीत उघडी लेकरं पातळ कापडात कुडकुडतात, म्हणून तिनं जुन्या लुगड्यांच्या चार पदरांची, बारीक टाके घातलेली गोधडीची झोळी शिवून आणली. मऊ, उबदार. बाया हात फिरवून बघायच्या. “लई नामी शिवलीस गं!” मोनिका सिस्टरनं झोळीचा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला.

पण गोधडी जड असते, मित्रांनो. ती लावली की रिकामी असतानाच माझा काटा तीनशे ग्रॅमवर जाऊन उभा राहायचा. स्क्रू कुणी फिरवला नाही. चांगुणाला वाटलं, आता काटा सिस्टरकडे आहे. सिस्टरला वाटलं, काटा तर चालू आहे. आणि त्या दिवसापासून माझ्या झोळीत आलेलं प्रत्येक बाळ तीनशे ग्रॅमनं भारी झालं.

सगळे खूश! अडीच किलोच्या खालचं, म्हणजे कमी वजनाचं, बाळ जवळजवळ दिसेनाच. वरून शाबासकी आली. मला ओरडावंसं वाटायचं. मी खरं तेच दाखवत होतो. बाळ अधिक गोधडी. गोधडी वजा करायचं काम माणसांचं होतं.

वैशाखात दवाखान्याची गुणवत्ता तपासायला पथक येणार असं कळलं. मग काय विचारता! भिंतींना रंग, फरशीला फिनेल, दारात रांगोळी. कचऱ्याच्या लाल, पिवळ्या, निळ्या बादल्या ओळीनं मांडल्या. मलाही पुसलं आणि माझ्या कपाळावर ‘तपासले’ असा कागद चिकटवला. कुणी तपासलं? कधी तपासलं? चिकटवणाऱ्या हातानं माझ्या काट्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही.

आदल्या दिवशी छबूबाईची सून निकिता बाळंत झाली. मुलगी. मी दाखवले दोन किलो सहाशे. म्हणजे मुलगी खरी दोन किलो तीनशेची. तेवढ्या लहान बाळाला दवाखान्यात ठेवतात, आईच्या उराशी ऊब देतात, घरी गेल्यावर आशाताई जादा फेऱ्या मारते. पण रजिस्टरात सहाशे लिहिलं गेलं. त्यातून पथकासाठी खाटा रिकाम्या, स्वच्छ हव्या होत्या. “अडीचच्या वर आहे, काही काळजी नाही,” असं म्हणून दुसऱ्याच सकाळी मायलेकींना घरी पाठवलं.

पथक आलं. एका साहेबांनी कागदावरून विचारलं, “बाळांचा वजनकाटा?”

“आहे सर,” मोनिका सिस्टर म्हणाली.

“चालू?”

“चालू आहे सर.”

खूण झाली. रिकामी झोळी त्यांच्या नाकासमोर तीनशेवर उभी होती! साहेब माझ्यासमोर उभे राहिले आणि झोळीचं कौतुक करून पुढं गेले. शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळाले, पेढे वाटले, प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर गेलं.

आठव्या दिवशी छबूबाई नातीला पदरात गुंडाळून धावत आली. पोर गार पडली होती, दूध ओढत नव्हती. चांगुणानं तिला झोळीत ठेवलं. दोन किलो तीनशे. रुग्णवाहिका बोलावून त्यांना नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुपारी चांगुणाला छबूबाईचा फोन आला.

“चांगुणे, हितल्या काट्यावर पोर दोनच किलो भरली गं. रस्त्यात तीनशे गिराम कुठं सांडलं?”

चांगुणानं फोन ठेवला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग दुकानात गेली, मिठाची पुडी आणली, गोधडीत ठेवली. एक किलो तीनशे. तिनं पुडी काढली. रिकामी झोळी, तीनशे. आपलेच टाके ती बोटानं चाचपत राहिली.

ती पुडी घेऊन दवाखान्याच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, “चांगुणाताई, आत्ताच प्रमाणपत्र मिळालंय. स्क्रू फिरवा आणि विषय संपवा.”

“इस्क्रू फिरवते, साहेब. पन संक्रांतीपासनं मोजल्याली लेकरं कशी माघारी फिरवू?”

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण मी आजवर ऐकलेला सगळ्यांत मोठा राग तोच. मोनिका सिस्टर रडायला लागली. डॉक्टरांनी एकदा प्रमाणपत्राच्या चौकटीकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःच रजिस्टर ओढलं. “नावं काढा. पुन्हा वजन करू. वरती काय कळवायचं ते मी कळवतो.”

एकोणचाळीस नावं निघाली.

संध्याकाळी छबूबाईचा पुन्हा फोन आला. पोर काचेच्या पेटीत होती, अंग जरा ऊन लागत होतं.

“मावशी, झोळी मी शिवली हुती,” चांगुणा म्हणाली.

छबूबाई म्हणाली, “तुजी माया खोटी न्हवती गं. पन दुसऱ्या कुनाच्या नातीचं आसं हुऊ देऊ नगंस. शबूद दे.”

“दिला, मावशी.”

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या घरातलं बाळ काट्यावर ठेवण्याआधी रिकामा काटा किती दाखवतो ते बघा. शून्य नसेल तर विचारा. कुणी रागावलं तर रागावू द्या. माझ्या कपाळावरच्या कागदावर विश्वास ठेवू नका, माझ्या काट्यावर ठेवा, आणि तोही तपासूनच. मला तेल नको, हार नको, कौतुक नको. मला रोज सकाळी एक मिठाची पुडी हवी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चांगुणा आली. तिचा दिवा लावून झाला होता, कपाळावर कुंकू ओलं होतं. तिनं माझ्या कपाळावरचा कागद नखानं खरवडून काढला. गोधडीची झोळी घडी करून कपाटात ठेवली आणि पातळ कापडाची नवी झोळी माझ्या हुकाला लावली. स्क्रू फिरवला, मीठ ठेवलं, मान हलवली. मग मला कडीवरून उतरवून पिशवीत ठेवलं, वर एकोणचाळीस नावांचा कागद ठेवला, आणि यादीतल्या पहिल्या घराच्या वाटेला लागली.