मा युफेमीच्या जागेची पाहणी

"नारळपाणी तरी घे, ऑर्टन्स. एवढ्या उन्हाची आलीस!"

मा युफेमीनं पुढं केलेल्या शहाळ्याकडे जज फेलिसियनबाई क्षणभर बघत राहिल्या. "नको, मा. तुमचा खटला माझ्यापुढं चालू आहे."

"अगं, पाणी आहे, रम नाही!"

पाहणीला आलेले दोन्ही वकील हसले. बाई हसल्या नाहीत. पक्षकाराच्या घरचा थेंबही त्यांना चालत नाही. मी त्यांचा कारकून, म्हणून मलाही नाही. बाई आमच्या बेटावरच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, तेव्हा सगळं गाव जिला मानानं मा म्हणतं त्या याच म्हातारीनं कोंबड्या कापून गाव जेवू घातलं होतं. तेव्हापासून बाईंना ना बाजारात मनासारखी घासाघीस करता येते, ना कार्निव्हलला नाचता येतं.

"या नीरफणसाखाली माझी नाळ पुरलीय," मा सांगत होती. "माझ्या पोरांचीही. आजोबांनी जमीन सगळ्यांना राहायला ठेवली, विकायला नाही. आणि हा पुतण्या कॅनडात बसून हॉटेलवाल्याला विकतोय मेला!"

पुतण्यानं इतर वारसांचे हिस्से रीतसर विकत घेतले होते. मोठ्या हिस्सेदारानं विक्री मागितली तर जमीन विकावी, असं कायदा म्हणतो. नाळेबद्दल तो काहीच म्हणत नाही.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "माझीही नाळ अशाच झाडाखाली आहे, सिल्बर."

"मग?" मी जरा फटकळपणेच विचारलं.

"मग काय? कायद्यात वाट शोधतेय. सापडत नाही."

मला रागच आला. आयुष्यभर पुरुषांशी झगडून ही बाई त्या खुर्चीवर बसली, आणि तिथंही हात बांधलेलेच! मग रागाचं वाईट वाटलं.

निकाल त्यांनी कोर्टात सपाट आवाजात वाचला. जमीन विकायची. मा युफेमीला हिश्शाचे पैसे आणि घर सोडायला सहा महिने.

जज उठले की कोर्टात सगळ्यांनी उभं राहायचं, आणि त्याआधी कुणी हलायचं नाही, अशी आमची रीत. म्हातारीचे गुडघे गेलेले. तिला घाईनं उठावं लागू नये म्हणून बाई बसूनच राहिल्या आणि हातानंच सगळ्यांना जायची खूण केली. कोर्ट रिकामं झालं. म्हातारी जागची हलेना.

मी जवळ जाऊन कुजबुजलो, "मा, जा ना तुम्ही. बाईंनी परवानगी दिलीय."

"आधी जज उठतात. मला शिकवू नकोस."

दोघी तशाच बसून होत्या. मग मा युफेमीनं बाक घट्ट धरलं. मी हात दिला, तो तिनं झिडकारला आणि ती आपली आपण उभी राहिली.

"झाले बघ उभी," ती म्हणाली. "आता ऊठ, पोरी."

बाईंना उठवेना.