चंद्री म्हैस मी कशी वाचवली

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मी एक जुना, गोल, ॲल्युमिनियमचा ओव्हन आहे. झाकणाला काच, पोटात तार. आणि मी एक अख्खी म्हैस वाचवली आहे.

मित्रांनो, माझा जन्म पुण्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नवा होतो तेव्हा इतका चकचकीत होतो, की मला पाहून शेजारच्या कोंबड्यानं भर दुपारी बांग दिली. चाकणजवळच्या कुरुळी गावच्या आबाजींनी दिवाळीच्या बोनसातून मला विकत घेतलं, नानकटाईसाठी. चार दिवाळ्या मी नानकटाई भाजली. तिचा वास चाकणच्या कांदा मार्केटपर्यंत जायचा आणि हमाल पोती खाली टाकून उभे राहायचे. पुढं नानकटाई पुड्यातून मिळायला लागली आणि मला माळ्यावर चढवलं. तिथं मी बावीस वर्षं काढली. एका पालीनं माझ्या पोटात तीन पिढ्या वाढवल्या. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत, पण तो विषय वेगळा.

मला खाली उतरवलं ते चंद्रीमुळं. चंद्री म्हणजे आबाजींच्या बायकोची, शालनबाईंची, शेवटची म्हैस. जमिनी कंपन्यांत गेल्या, चरायला उरलं ते रस्त्याकडेचं गवत. एका सोमवारी मुलगा, नवनाथ, जेवता जेवता म्हणाला, "आई, गोठा पाडू. चार खोल्या निघतात. कंपनीतली पोरं भाड्यानं घ्यायला तयारच आहेत. शनिवारी चंद्रीला चाकणच्या बाजारात नेतो."

"आन् दूध?"

"पिशवी येते की दारात."

"पिशवीच्या दुधाला अशी साय धरती व्हय रं?"

नवनाथनं पुढचा घास घेतला. बोलली ती सून, पूनम. ती चाकणला एका कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये स्वयंपाकघरात काम करते. परदेशातून आलेले इंजिनिअर तिथं राहतात आणि त्यांना चारच्या चहाला स्कोन लागतात. स्कोन म्हणजे मैद्याचा जाडजूड, खुसखुशीत, गोल पाव म्हणा. तो मधोमध फोडायचा आणि त्यावर गोड साय थापायची.

"आई, बेकरीतून येतात ते नुसते स्पंज," पूनम म्हणाली. "आणि क्रीम डब्यातलं. पाहुणे एक घास खातात आणि बशी सरकवतात. शेफ विचारत होते, कुणी घरी करून देईल का."

"सायीत साखर घालत्यात?"

"हो. पिठीसाखर."

शालनबाईंनी हात धुतला. "नवनाथ, रोज साय लागायला लागली तर म्हैस ऱ्हाती का?"

"राहील. पण आज सोमवार आहे, आई."

"मला वार कळत्यात," त्या म्हणाल्या आणि मला माळ्यावरून काढायला स्वतः शिडी लावली.

पूनमनं कृती सांगितली आणि ती शिफ्टला गेली. इथंच घोटाळा झाला. चाळीस वर्षं भाकरीचं पीठ मळलेला तो हात! पीठ दिसलं की तो तिंबणारच. शालनबाईंनी मैदा, लोणी आणि दूध असं काही तिंबलं, की माझ्यातून निघाले ते दगड. आबाजींनी एक चावला, दाढ चाचपली आणि म्हणाले, "उतारावर ट्रक हुबा करायला बरं हाय." आणि खरंच नेला हो. हायवेला एक सोळा चाकी कंटेनर त्या एका स्कोनवर तीन तास उभा होता.

"आई, मळायचंच नाही," पूनमनं मंगळवारी सांगितलं. "बोटांनी नुसतं कालवायचं. गोळा जमला की थांबायचं."

"मी थांबते गं. हात थांबत न्हाई."

सायीचं तेच झालं. थंड सायीत साखर घालून जरा घुसळायची, दाटली की सोडायची. पण हातात रवी आल्यावर शालनबाई थांबतात कुठल्या? बघता बघता गोड लोणी वर आलं. ते आबाजींनी पोळीला लावून संपवलं आणि दाढेचं नावही काढलं नाही.

बुधवारी शालनबाईंनी उजवा हात पदरात गुंडाळला, कमरेला खोचला आणि डाव्या हातानं मैदा कालवायला बसल्या. डाव्या हाताला भाकरी येत नव्हती. तिंबणं त्याला ठाऊकच नव्हतं. पीठ ओबडधोबड राहिलं, जसं राहायला हवं तसं. साय त्यांनी चमच्यानं फेटली, तीही डाव्याच हातानं. तो हात लवकर दुखला, म्हणून वेळेवर थांबला.

आबाजी दारातून बघत होते. "अगं, डाव्या हातानं अन्न देऊ न्हाई कुणाला."

"द्यायला उजवा हाय की. ह्यो निस्ता कालवायला."

बुधवारचे स्कोन बरे झाले. पण नुसते बरे होऊन म्हैस राहणार नव्हती. शेफनं गुरुवारच्या चहाला बारा मागवले होते, आणि ते पसंत पडले नाहीत तर शनिवार ठरलेलाच होता.

मित्रांनो, गुरुवारी मी जो तापलो, तसा कुणी तापला नसेल. माझी तार इतकी लाल झाली, की दारावरून जाणारी कंपनीची बस सिग्नल समजून थांबली. आतले स्कोन असे फुगले, की झाकण उचलून बाहेर डोकावले. एकही करपला नाही. शालनबाईंनी त्यांना उजव्या हातानं डब्यात भरलं, सायीची बरणी वेगळी बांधली आणि पूनम स्कूटीवरून ट्रकांच्या गर्दीतून निघाली.

पुढचं तिनं सांगितलं ते सांगतो. एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं स्कोन फोडला, साय थापली, घास घेतला आणि चष्मा काढून ठेवला. मग त्यानं बशी परत पुढं केली. शेफ म्हणाले, "रोज दोन डझन. आणि साय हीच पाहिजे."

शनिवारी चंद्रीचं दावं सुटलं नाही. नवनाथनं गोठ्याला नवा पत्रा टाकला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना अडगळ समजू नका. त्यांना पुसा, त्यांची वायर उंदरांपासून सांभाळा, त्यांना भंगारात घालू नका. त्या गुरुवारी मी नसतो, तर चंद्री आज...

"गुरुवारी?"

ओट्याखालचं जाड पातेलं इतका वेळ ऐकत होतं. आता ते बोललं.

"गुरुवारी कुरुळीत दिवसभर लाइट नव्हती. तू गार पडला होतास. बाईंनी माझ्यात वाळू घातली, मला चुलीवर चढवलं आन् फुंकणी घेऊन दोन तास धुरात बसल्या. बारा स्कोन भाजले ते मी. वाळू अजून पोटात हाय माझ्या. दाखवू का तुझ्या मित्रांना?"