वाढोण्याचा दंड, वाढवण्याची पावती

सटवाजी पवळ्यांनी अडुसष्ट वर्षांत कोर्टाची पायरी चढली ती एकाच खटल्यासाठी, आणि तोही एका म्हशीपायी. म्हैस शेजाऱ्याची, हळद यांची. ऐन पिकात शिरलेल्या त्या म्हशीवर काठी उगारून सटवाजींनी ज्या शिव्या हासडल्या, त्या बांधापलीकडे उभ्या असलेल्या मालकानं स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तडक पोलिसात जाऊन तक्रार दिली. मग तारखा पडत राहिल्या. दोन वर्षांनी न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" सटवाजी खरं तेच बोलले.

"शिव्या दिल्या साहेब. काठीबी उगारली. पण शिव्या म्हशीला होत्या."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही ओठातल्या ओठात हसले, पण दंड व्हायचा तो झालाच. आठशे रुपये, न भरल्यास सात दिवस साधी कैद. त्या दिवशी सटवाजींच्या खिशात एसटीच्या भाड्यापुरते पैसे होते. म्हातारा माणूस पाहून साहेबांनी मुदत दिली, जातमुचलक्यावर सही घेतली आणि बजावलं की सोळा डिसेंबरला, मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या आत पैसे जमा झाले पाहिजेत.

मधल्या काळात लातूरहून लेक आली. सुकन्या तिकडं एका शाळेत शिक्षिका. बाप उंबऱ्याला अडखळतो, चहाची कपबशी बाजूला सोडून हवेत हात घालतो, हे तिनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून लातूरला नेलं. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन झालं, काळा चष्मा आला आणि डॉक्टरांची यादी आली. पंधरा दिवस प्रवास नको, धूळ नको, वाकणं नको, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. सोळा तारीख त्या पंधरा दिवसांच्या आतच येत होती.

सटवाजींची झोप उडाली. सात दिवसांच्या कैदेपेक्षाही त्यांना धास्ती होती ती अंगणात वॉरंट घेऊन उभ्या राहणाऱ्या शिपायाची. म्हशीचा मालक तेव्हा बांधावर खुर्ची टाकून बसेल, याची त्यांना खात्रीच होती.

सुकन्या म्हणाली, "बाबा, दंड आता इथूनबी भरता येतो. ऑनलाइन."

"कोर्टाचा पैसा कोर्टाच्या नाझरापुढं मोजावा लागतो," सटवाजी म्हणाले. "त्यानं शिक्का मारल्याबिगर काय खरं न्हाई."

पण दुसरा इलाज नव्हता. गल्लीच्या तोंडाशी संघपालचं सेवा केंद्र होतं. सातबारा, दाखले, पीकविमा, वीजबिल, सगळं त्या एका संगणकावर. पोरगा हुशार, हात सफाईचा आणि जिभेवर साखर. सुकन्यानं बापाला तिथं बसवलं आणि ती शाळेत गेली.

"काका, कोर्ट कोणतं?"

"वाढोणं."

"केस नंबर?"

"दोनशे चौदा. साल तेवीस." कागद गावाकडं ट्रंकेत होता, पण नंबर तोंडपाठ. दोन वर्षं त्याच नंबरानं पुकारा ऐकला होता.

संघपालनं बटणं दाबली. "शासन विरुद्ध सटवा, एवढंच दिसायलंय. फुडचं कापलंय. तुमीच ना?"

"मीच की. इतक्या जुन्या नावाचा दुसरा कोण असंल?"

घोळ झाला तो इथंच. सटवाजींचं तालुक्याचं गाव कागदावर हिमायतनगर. पण त्या भागातली जुनी माणसं अजूनही त्याला वाढोणाच म्हणतात, आणि सटवाजींच्या तोंडी दुसरं नाव कधी बसलंच नाही. संघपाल पडला लातूरचा. त्याला ठाऊक होतं ते उदगीर तालुक्यातलं वाढवणा. वाढोणं काय आणि वाढवणं काय, ऐकणाऱ्याच्या कानाला फरक तो कितीसा? त्यानं सरळ उदगीरचं कोर्ट निवडलं. प्रत्येक कोर्टाचे नंबर दरवर्षी एकपासून सुरू होतात, म्हणून दोनशे चौदा तिथंही होताच. आणि नशिबाची थट्टा अशी की तिथल्या दोनशे चौदातल्या आरोपीचं नावही 'सटवा'नंच सुरू होत होतं.

पैसे भरणारा म्हणून संघपालनं सटवाजींचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. मोबाइलवर आकडे आले, ते त्यानं वाचून भरले. आठशे रुपये गेले. छापलेली पावती हातात आली तेव्हा सटवाजींनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी करून पाहिली.

"शिक्का कुठाय?"

"ह्याला शिक्का नसतो काका."

"मार एखादा."

"कोर्टाचा शिक्का मी कुठून आणू?" संघपाल हसला. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यानं आपल्या सेवा केंद्राचा गोल निळा शिक्का पावतीवर ठोकून दिला. सटवाजींनी ती घडी करून उशीखाली ठेवली आणि चार रात्री ढाराढूर झोपले.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. सुकन्या शाळेत, घरात सटवाजी एकटे.

"नमस्कार काका, मी उदगीरच्या कोर्टातून पंचशीला बोलतेय. तुम्ही जो दंड भरला ना..."

सटवाजींनी फोन कापला. लेकीनं त्यांना पढवूनच ठेवलं होतं. कोर्टातून बोलतोय, पोलिसातून बोलतोय म्हणत फोन येतात, म्हाताऱ्या माणसांना भेदरवतात आणि खातं धुऊन नेतात. एक शब्द न बोलता कापायचा. शिवाय उदगीरच्या कोर्टाशी यांचा संबंध काय? फोन पुन्हा वाजला. पुन्हा तोच आवाज, "काका, ऐकून तर घ्या." यांनी पुन्हा कापला, आणि संध्याकाळी सुकन्याला हे कसं रंगवून सांगायचं याची मनात जुळवाजुळव करू लागले.

तिसऱ्या वेळी आवाज वेगळा होता. बाईचाच, पण पिकला, बाजारात ओरडून घोगरा झालेला.

"ओ दादा, कापू नका. तुमचं नाव सटवाजी ना? माझं सटवाबाई."

सटवाजींचं बोट बटणावरच थांबलं.

"मी वाढवण्याची. फळं इकते. रस्त्यात गाडा लावला म्हणून सहाशेचा दंड झालता. आज भराया आले, तर ह्या म्याडम म्हणायल्या, मावशी, तुमचा भरलाय. अन् सहाशेच्या जागी आठशे. म्या तर रुपया भरला न्हाई. माझा दंड भरणारं मला कोण बसलंय? म्हणून म्हणलं, बघा बाई, कोणाचं तरी चुकून आलंय."

"मंग गप घरी जायाचं होतं," सटवाजी संशयानं म्हणाले.

"अन् दुसऱ्याच्या पैशावर सुटून झोप लागंल का मला? माझे सहाशे म्या आत्ता मोजून दिले. तुमचे तुमाला द्यायचे हायत. आमी पैशे मागून न्हाई राहिलो दादा."

पैसे मागणारे फोन गावात कितीजणांना आले होते. परत देणारा सटवाजींनी पहिल्यांदाच ऐकला. तरीही मन धजेना. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो लेकीनं शिकवला नव्हता.

"तुमचं नाव सटवाबाई कशानं ठिवलं?"

"माझ्या आधीचे तीन गेले," ती म्हणाली. "तिन्ही पोरंच. एकबी बाराव्या दिसाला लागला न्हाई. मंग आईनं सटवाईला नवस बोलला, अन् मी जगले. तुमच्या आधीचे?"

"दोन," सटवाजी म्हणाले.

असली गोष्ट कोणत्याही भामट्याला ठाऊक नसते. ती ज्याच्या घरात घडली त्यालाच ठाऊक. सटवाजींचा आवाज एकदम खाली आला. "बोला माय," ते म्हणाले, "म्याडमकडं द्या फोन."

पंचशीला त्या कोर्टात लिपिक होती. तिनं घाई न करता विचारलं, "काका, तुमची केस कोणत्या कोर्टात आहे?"

"वाढोण्याच्या."

"कोणत्या जिल्ह्यातलं वाढोणं?"

"नांदेड. कागदावर हिमायतनगर म्हणतेत त्याला."

"अन् दंड भरायची तारीख?"

"आजची. पाचच्या आत." हे बोलतानाच सटवाजींना सगळं उमगलं. चार रात्री ज्या कागदावर ते निवांत झोपले होते, त्यानं दुसऱ्याच कुणाची सुटका केली होती.

"घाबरू नका," पंचशीला म्हणाली. "आधीचे आठशे अर्ज केल्यावर परत मिळतील, त्याला वेळ लागेल. आज पुन्हा भरावे लागतील, पण मला एक छदामही पाठवायचा नाही. ज्यानं तुमचं भरलं त्याच्याकडंच जा, आणि फोन चालू ठेवा."

काळा चष्मा लावून, एक हात भिंतीला आणि एक हात फोनला, असे सटवाजी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. एरवी दोन मिनिटांची वाट त्या दिवशी संपता संपेना. संघपालनं फोन कानाला लावला, ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. समोर दाखल्यासाठी बसलेल्या दोघांना त्यानं हात जोडून थांबवलं.

"चूक माझी हाय काका. हे पैसे मी भरतो."

"आदी भर," सटवाजी म्हणाले, "चूक कोणाची ते मागून वाटून घिऊ."

पंचशीला फोनवरून एकेक गोष्ट सांगत गेली आणि संघपाल मोठ्यानं वाचत गेला. जिल्हा नांदेड. हिमायतनगर. दोनशे चौदा, दोन हजार तेवीस. या वेळी त्यानं नाव पूर्ण उघडून पाहिलं, आडनावासकट, आणि सटवाजींकडून वदवून घेतलं. मग पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. पंचशीलानं तपासून सांगितलं की पैसे गेलेले नाहीत, परत भरा. दुसऱ्यांदा चक्र फिरत राहिलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती तेव्हा पावती उमटली.

पंचशीला एवढ्यावरही थांबली नाही. तिनं स्वतः हिमायतनगरच्या कोर्टात फोन लावला, तिथल्या बाबूला पावतीचा नंबर दिला आणि पावणेपाचला सटवाजींना पुन्हा फोन केला. आता त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"तुमचा पुकारा झाला काका. दंड जमा आहे असं त्यांनी साहेबांना सांगितलं. तुम्ही मोकळे."

सटवाजी संघपालच्या बाकावर बसूनच रडले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते बाहेरच्या पाण्याबद्दल असावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुकन्या आठशे रुपये घेऊन आली तेव्हा संघपालनं बरेच आढेवेढे घेतले, पण सटवाजींनी ते त्याच्या खिशात कोंबले. पोरगा चुकला होता, पण चूक कळल्यावर पळाला नव्हता, आणि तेवढ्यासाठी सटवाजी त्याला आजही नाव घेऊन दुवा देतात.

मार्चमध्ये हळद शिजली, वाळली, दळून झाली. परताव्याचे पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात सटवाजी दोन पिशव्या घेऊन निघाले. आधी उदगीरला. पंचशीला त्यांच्या सुकन्याहून चार-पाच वर्षांनी लहान निघाली. तिनं पिशवीला हात लावला नाही.

"कोर्टात असलं काही घेता येत नाही काका."

"मंग तुमचं उपकार कशात फेडू, माय?"

"पुढच्या वेळी फोन कापू नका," ती म्हणाली, आणि चहा तिनंच पाजला.

तिथून ते वाढवण्याला गेले. बाजारात चौकशी करायला फार वेळ लागला नाही. सटवाबाईचा गाडा आता रस्त्याच्या बऱ्याच आत, एका भिंतीला लावलेला होता. वर टरबुजांची रास. बुटकी, काळीसावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू. फोनमधला आवाज पुढ्यात उभा राहिला होता, आणि सटवाजींना नव्या डोळ्यानं तो लख्ख दिसत होता.

"वळखलं का? वाढोण्याचा सटवाजी."

बाईनं कंबरेवर हात ठेवले. "वाढोण्याचा म्हणू नका दादा, हिमायतनगरचा म्हणा. त्या नावानंच सगळा राडा झालाय."

आजूबाजूचे हसले, सटवाजीही हसले. मग त्यांनी दोन्ही पिशव्या गाड्यावर ठेवल्या. सटवाबाईनं एकीचं तोंड सोडलं, चिमूटभर हळद तळहातावर घेतली, वास घेतला आणि कनवटीला हात घातला.

"किती द्यायचे?"

"बहिणीकून पैशे घेतेत व्हय?"

बाईचा हात कनवटीलाच राहिला. मग ती हळदीकडं बघत म्हणाली, "ते तीन जगले असते तर त्यातल्या एकानं तरी आणली असती. माहेरची हळद घिऊन माझ्याकडं आजवर कोणी आलं न्हाई दादा."

तिनं एक टरबूज कापलं, मधला गाभा काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि दोघं भिंतीच्या सावलीला बसून राहिले.

हिमायतनगरच्या दंडाची खरी पावती कुठं गेली ते सटवाजींना आता आठवत नाही. चुकीची, उदगीरची, निळ्या गोल शिक्क्याची मात्र त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली आहे. पैसे परत मिळाले, आता तिचा काय उपयोग, असं सुकन्या म्हणते. सटवाजी तिला सांगतात की भाऊबीजेला कुठं जायचं ते त्यांना त्या पावतीनंच सांगितलं.