मुलीचे मामा

गुरुजींच्या कानाशी वाकून म्हाळसाबाईने नाव दुसऱ्यांदा सांगितले.

"महारुद्र. मुलीचे मामा म्हणून त्यालाच पुकारायचं."

गुरुजींनी हातातला माइक झाकला. "अहो, पण सख्खे मामा आलेत की. मघाशी मलाच विचारत होते, मुलीला कधी आणू म्हणून."

"आलेत. त्यांना पुकारायचं न्हाय."

गुरुजींनी तिच्याकडे एकदा बघितले आणि मान डोलावली. दर लग्नसराईत डझनभर घरांची भांडणे बघणारा माणूस तो. अक्षता पडायच्या वेळी कोणाच्या मध्ये पडू नये, एवढे त्यांना कळत होते.

म्हाळसाबाई पुढे येऊन खांबापाशी उभी राहिली. ही जागा तिने सकाळीच हेरून ठेवली होती. इथून नवरीच्या खोलीचे दार समोर येत होते, आणि दारात तिचा थोरला भाऊ धुळाप्पा उभा होता. डोक्याला गुलाबी फेटा, मिशांना तेल. भाचीला हात धरून बोहल्यावर आणायचे आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, हा मामाचा मान. निकिताचे लग्न ठरल्यापासून तो भावकीत मिरवत होता, माझ्या भाचीला मी असं आणीन न् तसं आणीन.

पाठीशी उभा राहणार म्हणे! बहिणीच्या पाठीशी कधी उभा राहिला होता हा?

म्हाळसाबाई बारावीत होती तेव्हा धुळाप्पाला कुणी मुलगी देत नव्हते. तोंड फटकळ, कामाचा कंटाळा, आणि हात उगारायला कारण लागायचे नाही. शेवटी जळकोटच्या एका घराने साटंलोटं सुचवले. आमची सिताबाई तुम्ही करून घ्या, तुमची म्हाळसा आमच्या बिराप्पाला द्या. धुळाप्पा सायकल मारत शाळेत आला. आई सिरीयस आहे, असे वर्गाच्या दारातूनच त्याने बाईंना सांगितले. म्हाळसाबाई सायकलच्या कॅरिअरवर बसून सगळी वाट रडत गेली. घरी पोचली तर आई ठणठणीत. जात्यावर हळद दळत होती. म्हाळसाबाईला नर्स व्हायचे होते. उमरग्याच्या एका दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातली नर्स बघून आल्यापासून तिच्या डोक्यात तेच होते. ती तसे म्हणाली तेव्हा धुळाप्पा हसला होता. पोरीच्या जातीला काय, म्हणाला, आज न्हाय तर उद्या जायचंच की.

बिराप्पा तसा वाईट नव्हता. 'पुढल्या साली तुला नर्सिंगला धाडतो' असे तो दर साली म्हणायचा. पुढे पुढे म्हणायचाही बंद झाला. शेळ्या, भाकरी, सासूचे दुखणे, निकिताचा जन्म, यात वर्षे सरली. राहिले ते पिक्चर.

पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून आणि इयरफोनचे एक टोक कानात घालून ती दुपारी पिक्चर लावायची. दक्षिणेकडचे, हिंदीत बोलणारे, सगळे सुडाचे. गाणे लागले की ती पुढे ढकलायची. प्रेमबीम तिला नको असायचे. तिला शेवट हवा असायचा. खलनायक धुळीत पडलाय, त्याच्या छातीवर पाय देऊन हीरो त्याला त्याचे जुने पाप सांगतोय, आणि त्या माणसाला ते आठवतेय! तो डोळे पांढरे करतो ती जागा म्हाळसाबाई मागे नेऊन नेऊन बघायची. प्रत्येक पिक्चरमध्ये त्या धुळीत तिने धुळाप्पाला पाडले होते. मारण्याचे तिला फार वाटत नसे. मरायच्या आधी त्याला कळले पाहिजे, बस. तव्यावर भाकरी करपायची. बिराप्पा दारातूनच हसत विचारायचा, "आज कुणाला मारलंस गं?" तिच्या दिवसात गोड म्हणावे असे एवढेच काय ते होते.

निकिताचे जमले तेव्हा पहिला विचार तिच्या मनात आला तो हाच, आता माझ्या पिक्चरचा शेवट. हजार माणसांत त्याला मान नाकारायचा.

एकच अडचण होती. चुलतभाऊ महारुद्र भिडस्त. खरे सांगितले असते तर तो लग्नालाही फिरकला नसता. म्हणून तिने थाप मारली. दादाचा गुडघा धरलाय, त्याला तेवढा वेळ उभं राहवत न्हाय, तूच आण निकिताला. निकितालाही तिने हेच सांगितले.

माइक खरखरला.

"मुलीचे मामा श्री. महारुद्र यांनी मुलीला घेऊन मंडपात यावे."

धुळाप्पाने उचललेला पाय तसाच राहिला. त्याने मागे बघितले, मग माइककडे. पुढच्या रांगेतल्या बायका आपसात कुजबुजल्या. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला आणि म्हाळसाबाईच्या अंगावर सुखाचा काटा आला. बघ म्हणावं. हजार लोक बघतायत. आता शोध, बहीण कुठं उभी आहे ते.

तेवढ्यात महारुद्र त्याच्याजवळ गेला आणि कानात काहीतरी बोलला. धुळाप्पाचा चेहरा सैल पडला. तो चक्क हसला. त्याने स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून महारुद्रच्या उघड्या डोक्यावर ठेवला, पाठीवर थाप मारली आणि लंगडल्यासारखे करत खुर्चीत जाऊन बसला.

म्हाळसाबाईच्या मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या. मंगलाष्टके कधी संपली तिला कळले नाही.

जेवणाच्या वेळी धुळाप्पा व्याह्यांना घेऊन तिच्यापुढे आला.

"ही आमची तायडी. लई जीव हिचा माझ्यावर. गुडघ्याला तरास नको म्हणून बघा, मानसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकला." मग तिच्याकडे वळून, "मला आधी सांगायचं की गं. माझा गुडघा एवढा बी न्हाय दुखत."

व्याही कौतुकाने हसले आणि ताट घ्यायला पुढे गेले. म्हाळसाबाई धुळाप्पाच्या वाटेत उभी राहिली. इतक्या वर्षांत या वाक्याची तिने हजारदा उजळणी केली होती.

"गुडघ्यासाठी न्हाय, दादा. मला शाळेतनं आणलंत ना, त्यासाठी."

"कुठल्या शाळेतनं?"

"आई सिरीयस हाय म्हणून खोटं सांगून. सायकलवर बसवून. माझं लगीन लावायला."

धुळाप्पाने भुवया आक्रसल्या. तो खरोखर आठवत होता, हे तिला दिसत होते. आता डोळे पांढरे होतील.

"हां! ती हिरवी सायकल व्हय!" त्याचा चेहरा उजळला. "लई पळायची गं ती. पुढं चोरीला गेली." आणि बुंदीवाल्याला हाक मारत तो पंगतीकडे गेलाही.

म्हाळसाबाई हात धुवायच्या नळापाशी आली. पाणी नुसते हातावर सोडून उभी राहिली. दातओठ खाऊन काय उपयोग? ज्याला आठवतच नाही त्याचे काय वाकडे करणार? पिक्चरमध्ये असा खलनायक तिने कधी बघितला नव्हता.

"त्यांना न्हाय कळलं," शेजारच्या नळावरून आवाज आला. धुळाप्पाची बायको सिताबाई होती. म्हाळसाबाईची भावजय, आणि नणंदही. "मला कळलं. नाव पुकारलं तेव्हाच."

म्हाळसाबाईने तिच्याकडे बघितले. या बाईशी ती आजवर चार शब्द मोकळेपणाने बोलली नव्हती. माझ्या जिवावर हिचा संसार झाला, हाच सल तिने धरून ठेवला होता.

"राग आला असंल, वहिनी."

"राग?" सिताबाईने पदराने हात पुसले. बांगड्या मागे सरकल्या तेव्हा मनगटाजवळचे हाड वाकडे जुळलेले दिसले. "मी बिरादादाचे पाय धरले होते. म्हणलं, ह्या माणसाचा हात चालतो असं लोक सांगतात, मला तिथं देऊ नको. तर म्हणला, तू मोडलंस तर माझं बी मोडतंय. गप बस."

"आमचे हे तर मला म्हणले, तुमच्या मर्जीनं झालं."

"म्हणंल की. त्याला तरी कुठं आठवतंय." सिताबाई थोडी जवळ आली. "दिवाळीनंतर माझ्या समृद्धीचं लगीन हाय. मामा म्हणून तुझ्या नवऱ्याचा मान. तुझं बघून माझं ठरलं. पण म्या गुडघ्याचं न्हाय सांगणार कुणाला. गुरुजींच्या हातातनं माइक घिऊन म्याच सांगणार, का न्हाय बोलवलं ते."

म्हाळसाबाईने वाहता नळ बंद केला.

"त्याला आधी सांगायचं तर सांग," सिताबाई म्हणाली. "तुझा नवरा हाय." आणि ती पंगतीत वाढायला निघून गेली.

लग्नाचे पाहुणे पांगले, निकिता सासरी गेली, आणि घर मोकळे झाले. त्या दुपारी म्हाळसाबाईने पीठ मळून मोबाइल डब्याला टेकवला. बिराप्पा भिंतीवरच्या आरशापुढे उभा राहून डोक्याला उपरणे गुंडाळून बघत होता.

"समृद्धीला मीच आणणार बोहल्यावर," तो म्हणाला. "माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?" स्वतःच्याच बोलण्यावर तो खुशीत हसला. "फेटा कुठला घेऊ? निळा का भगवा?"

म्हाळसाबाईने आरशातल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघितले. साधा, मवाळ माणूस. त्याला सावध करायला एक शब्द पुरला असता. 'पुढल्या साली धाडतो' म्हणताना त्याचा चेहरा असाच मवाळ असायचा.

"भगवा घ्या," ती म्हणाली. "लांबून दिसंल."

"आत्ता बरोबर बोललीस." उपरणे सोडून तो चुलीपाशी येऊन टेकला आणि मोबाइलमध्ये डोकावला. "आज कुणाला मारायचंय?"

पिक्चर नुकताच सुरू झाला होता. म्हाळसाबाई थोडी सरकली आणि इयरफोनचे दुसरे टोक तिने त्याच्या हातात दिले.

"बसा. पहिल्यापासनं बघा," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला घेतली.