कौदीचा घास

मित्रांनो, आधी मला अंगावर घ्यायला घाबरू नका. मी एक जुनी कौदी आहे, तुमच्याकडे मला गोधडी म्हणतात. चामराजपेटेतल्या तानूबाईंनी मला होणाऱ्या नातवासाठी शिवलं. त्यांची मऊ झालेली लुगडी आणि त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचे, आप्पाजींचे, सदरे माझ्यात आहेत. तानूबाईंचा वरचा एक दात पडलेला, त्यामुळे दातानं दोरा तोडताना नुसती तारांबळ! शेवटच्या कोपऱ्यात त्यांनी गूळ लावलेला भाकरीचा घास ठेवला आणि मग कोपरा शिवून टाकला. कौदी उपाशी धाडायची नाही, ही त्यांच्या निपाणीकडची रीत. सुनेला मात्र ती सांगायची राहूनच गेली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, त्यांच्या मुलाच्या म्हणजे सुरजच्या घरी माझं केवढं कौतुक झालं! बाळ तनय माझ्यात गाढ झोपायचा. एके दिवशी माझ्या कोपऱ्याला मुंग्या लागल्या. सुरजची बायको सुखदा पुण्याची. तिनं टाके उसवले, तर आत काळा, वाळका तुकडा. सासूनं आपल्या लेकरावर करणी केली, असंच तिनं धरलं. तुकडा कचऱ्यात गेला, कोपरा रिकामाच शिवला गेला आणि सासूबाईंना इतक्यात येऊ नका म्हणून निरोप गेला. सुरज हटून बसला म्हणून मी तेवढी घरात राहिले.

त्या दिवसापासून मला भूक लागू लागली. खरंच सांगते, तनय झोपला की मी त्याची ऊब ओढून घ्यायचे. नको नको म्हणतानाही ओढायचे. भर उन्हाळ्यात त्याचे पाय गार पडायचे, ओठ निळसर दिसायचे. डॉक्टरांना काही सापडेना. मला माझीच भीती वाटायची.

अखेर तानूबाई न बोलावता आल्या. नातवाला घ्यायच्या आधी त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

“उपाशी हाय ग ही. घास कुणी काढला?”

सुखदानं मनातलं सगळं बोलून टाकलं, करणीचंसुद्धा. तानूबाई रागावल्या नाहीत. सुरज पोटात असताना घरात दाणा नव्हता, तेव्हा त्यांच्या आईनं कौदीच्या कोपऱ्यात भाकरी शिवून धाडली होती, एवढंच त्यांनी सांगितलं.

“त्या घासावर जगला ग तुझा नवरा.”

सुखदाला रडू आवरेना. तिनं पोळीला तूप-साखर लावली आणि घास स्वतःच्या हातानं माझ्या पोटात ठेवला. संध्याकाळपर्यंत तनयचे पाय कोमट झाले.

यंदा तानूबाई गेल्या. सुखदा दर दिवाळीला माझा घास बदलते. परवा तिनं कोपरा उसवला, तर आतली पोळी खाल्लेली होती. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या, आणि मधे, वरचा दात पडलेला असावा तशी, एका दाताएवढी पोळी तशीच उरली होती. सुखदा किंचाळली नाही. तिनं या वेळी अख्खी पोळी घडी करून ठेवली, साखर जरा जास्तच घातली.

मित्रांनो, मायेनं दिलेल्या वस्तूचं पोट उसवून बघू नका. बघितलंतच, तर रिकामं शिवू नका. आत कुणीतरी जेवायला येत असतं.