माझ्या पोटातला घरजावई

मी एक जीप बोलतेय. जुनी म्हणालात तरी चालेल, मला राग येत नाही. 'खटारा' म्हणालात तर मात्र हॉर्न वाजवीन, आणि माझा हॉर्न अजून शाबूत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. त्याच दिवशी माझ्या कितीतरी बहिणी जन्मल्या, सगळ्या एकाच रंगाच्या, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. माझं नशीब उघडलं ते अण्णांच्या हाती पडल्यावर. अण्णा वीज खात्यात होते. डोंगरावरचे विजेचे मनोरे तपासत फिरायचं हे त्यांचं काम. इतर गाड्या रस्ता संपला की थांबायच्या, आमचं काम तिथून सुरू व्हायचं. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला खात्याकडून मागून घेतलं. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी कपाटात ठेवून दिलं आणि मला येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेन असं दारात उभं केलं.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. स्वतःचे गुडघे कुरकुरले तर दुर्लक्ष करतात, पण गाडी कुरकुरली की लगेच खाली वाकून बघतात. अण्णा तर नुसत्या आवाजावरून माझी तब्येत ओळखायचे.

घरात माणसं तीन. अण्णा, त्यांची मुलगी ताई आणि ताईपेक्षा धाकटा भाऊ. ताई जनावरांची डॉक्टर. डोंगरावर मेंढपाळांची वस्ती आहे, तिथल्या मेंढ्यांना लस टोचायला ती मलाच घेऊन जाते. भाऊचं गॅरेज घराला लागूनच. बापलेकांचं एकमेकांवर फार प्रेम, पण ते बोलून दाखवायची दोघांनाही लाज. म्हणून ते भांडायचे. भांडणाचा विषय बहुतेक वेळा मीच असायची.

वयोमानाप्रमाणे माझं इंजिन थकलं. प्यायचं घोड्यासारखं आणि काम मांजराएवढं. चढणीवर मधेच धाप लागायची, मग ताई औषधांची पेटी खांद्याला लावून चालत वर जायची. शेवटी भाऊ म्हणाला, "अण्णा, हिला दुसरं इंजिन बसवू."

"आहे तेच नीट कर."

"सुटे भाग मिळत नाहीत."

"शोध."

"शोधले."

"मग अजून शोध." एवढं बोलून अण्णा वर्तमानपत्रात शिरले.

पुढे अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आपल्या बहिणीकडे गेले आणि भाऊनं डाव साधला. साखळीच्या कप्पीला लटकवून माझं इंजिन बाहेर काढलं. मी एकदम हलकी झाले. बारीक झाल्याचा आनंद कुणाला होत नाही? पण तो फार टिकला नाही. ज्याच्यासोबत सारे डोंगर पालथे घातले, ते कोपऱ्यात फळीवर मुकाट पडलेलं बघवेना. भाऊनं त्याच्यावर धुतलेली चादर पांघरली, हे मात्र मी पाहिलं.

नवं इंजिन आलं ते एका बेकरीच्या व्हॅनमधलं. व्हॅनचा पत्रा कुजला होता, इंजिन ठणठणीत होतं. डिझेलवर चालणारं, अंगानं आडवं, स्वभावानं शांत. सारी हयात सपाट रस्त्यावर पाव पोचवण्यात गेलेली, त्यामुळे दुकान दिसलं की थांबावंसं वाटायचं त्याला. मी मनात म्हटलं, बरा घरजावई मिळाला! घर माझं, पत्रा माझा, आणि पोटात पाय पसरून बसणार हा.

पाय पसरायला जागाही पुरेना. त्याच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, ते खाली माझ्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, जाड गोळ्यावर टेकत होतं. भाऊ त्या गोळ्याकडे बघत बसला. एरवी अशा वेळी तो घरात जाऊन अण्णांच्या खुर्चीजवळ उगाच घुटमळायचा, मग अण्णा 'काय अडलंय?' म्हणून विचारायचे. आता खुर्ची रिकामी. भाऊनं स्वतःच युक्ती काढली. अख्खा पुढचा अ‍ॅक्सल उलटवून बसवला, म्हणजे गोळा दुसऱ्या बाजूला गेला. जागा झाली. भाऊनं खुशीत शीळ घातली. मला पुढच्या पायांत काहीतरी विचित्र वाटत होतं, पण मला विचारतंय कोण!

अण्णा परतायला निघाले. डोळ्यांवर काळा चष्मा, कान मात्र पूर्वीसारखेच. भाऊ त्यांना आणायला मलाच घेऊन गेला होता. अण्णा बहिणीच्या फाटकातच थबकले.

"कोण आलंय?"

"आपलीच जीप, अण्णा."

"आपली जीप अशी बोलत नाही." त्यांनी बॉनेट उघडलं, चष्मा वर करून पाहिलं आणि हळूच बंद केलं. "मी या गाडीत बसणार नाही. आज नाही आणि कधीच नाही." ते रिक्षानं घरी गेले.

खरं सांगते, मला रडू आलं. गाडीला रडता येत नाही, म्हणून थोडं तेल गळलं. तेव्हापासून अण्णा दारातून जाताना माझ्याकडे बघेनासे झाले. मी त्यांची राहिले की नाही, एवढं एकच कोडं मला दिवसभर छळायचं.

लस टोचायचा दिवस आला. भाऊ चाकावर, शेजारी ताई, वाट दाखवायला आलेला मेंढपाळ मागे. सपाटीवर घरजावई छान चालला. चढणीखाली चिखल होता. भाऊनं चारही चाकांना जोर मिळावा म्हणून छोटा दांडा ओढला आणि मी जागच्या जागी थरथरायला लागले. मागची चाकं म्हणत होती वर चल, पुढची म्हणत होती घरी चल. मेंढपाळ उतरून मागून ढकलू लागला, ताई पुढे उभी राहून हात हलवू लागली, भाऊनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि दोघंही नखशिखांत चिखलानं माखले. मी मात्र इंचभर हलले नाही.

ताईनं घरी फोन केला. थोड्या वेळानं दूधवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून अण्णा आले. त्यांनी मेंढपाळाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं.

"मागून ढकलणाऱ्यावर चिखल उडाला, समजलं. ही पुढे उभी होती ना? हिच्यावर कसा उडाला?"

भाऊनं कपाळावर हात मारला. "पुढची चाकं उलटी फिरतायत!"

"अ‍ॅक्सल उलटा घातलास?"

भाऊनं मान हलवली. अण्णा इतके हसले की त्यांना माझ्या मडगार्डला धरावं लागलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा हात लागला मला.

ताई पेटी घेऊन मेंढपाळाबरोबर चालत वर गेली. स्कूटर केव्हाच निघून गेली होती. बापलेक आणि मी असे तिघंच उरलो.

"मला विचारलं असतंस तर?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि हो म्हणाला असतात तरी..." भाऊ खाली बघत राहिला. "तुम्ही समोर असलात की माझे हात थरथरतात, अण्णा. वाटतं, आता चुकणार."

अण्णांनी बाह्या दुमडल्या. मग म्हणाले, "मी नव्हतो तरी चुकलासच की. सरक तिकडे." आणि तो म्हातारा चांगल्या कपड्यांनिशी माझ्याखाली चिखलात आडवा झाला. दोघांनी मिळून इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा माझ्या पोटाखालचा लांब दांडा सोडवला. ताई उतरून आल्यावर आम्ही नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर घरी निघालो. अण्णा 'नाइलाज म्हणून बसतोय' असं मोठ्यानं जाहीर करून बसले.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सल सरळ झाला. तेलाचं भांडंच कापून, उथळ करून पुन्हा जोडायचं ठरलं. भाऊनं वेल्डिंग हातात घेतलं तेव्हा अण्णा उठायला लागले. "मी आत जाऊ का?"

"नाही," भाऊ म्हणाला, "बसा. बघा." त्याचा हात थोडा थरथरला. जोड वाकडा आला, पण तेल थेंबभरही गळत नाही.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. जुन्या गाडीत काय हवं ते बदला, पण घरातल्या म्हाताऱ्याला समोर बसवून बदला. तो कुरकुर करेल, करू द्या.

सध्या मी वस्तीवर उभी आहे, चढण चढून आले आहे, म्हणून बोलायला सवड मिळाली. ताई मेंढ्यांच्या मागे पळतेय. भाऊ आणि अण्णा माझ्या सावलीत बसलेत. घरजावई दमून गप्प झालाय, बरा आहे तो तसा. मघाशी एका परगावच्या मेंढपाळानं माझ्या बॉनेटवर थाप मारून विचारलं, "जोरदार आहे की! कुणाची म्हणायची ही?"

भाऊ अण्णांकडे बघू लागला. अण्णांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "गाडी माझी. इंजिन माझ्या मुलाचं."