लांडगा लेंचकाने आणला

लेंचकाचं खोटं इतकं देखणं होतं, की पुढं तिचं खरं कुणालाच आवडेना.

खोऱ्यात कुणाच्याही घरी जा, बूट दारात काढायचे आणि घरची बाई देईल ते लोकरीचे सपाते पायात सरकवायचे. लेंचका ते सपाते करायची. लोकर भिजवायची, साबण चोळायची, पावाच्या कणकेसारखी तिंबायची. तिच्या सपात्याला ती म्हणे फुम्ला. राजधानीला, ल्युब्लियानाला जाऊन तिनं हे नाव रीतसर नोंदवून घेतलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या सपात्यावर ते छापायचं नाही. ही नोंदणी दर दहा वर्षांनी नव्यानं करावी लागते. छप्पर गळत असलं तरी लेंचका आधी नोंदणीची फी भरायची, मग छपराकडं बघायची.

शब्द आला कुठून, असं कुणी विचारलं की ती खांदे सैल सोडून बसायची.

"माझ्या पणजीचा तो. ऐन हिवाळ्यात लांडग्यानं तिची गाय पळवली. पणजी निघाली की मागं. पायात लोकरीचे सपाते, पाऊल असं पडायचं, फुम्, फुम्, बर्फालासुद्धा कळू नये. गेली, लांडग्याच्या तोंडातनं गाय काढून घेतली, घरी आणली, दूध काढलं. आणि तो मेला लांडगा सकाळपर्यंत रिकामं तोंड चघळत बसला. तेव्हापासून डोंगरातल्या सगळ्या बाया सपात्याला फुम्लाच म्हणतात."

बातमीदारांनी हे छापलं. लेंचकानंही चिठ्ठीवर छापून खोक्याखोक्यात घातलं.

खरं निराळंच होतं. तिला तीने नावाचा एक भाऊ होता. तो जन्मात बोलला नव्हता. घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीशेजारच्या बाकावर बसून राहायचा आणि गावातली पोरं खिडकीतून त्याला बोकडासारखं बें बें करून दाखवायची. एका थंडीत लेंचकानं आपला पहिला जोड त्याच्या पायात घातला. त्यानं पाय जमिनीच्या लाकडी फळीवर हलकेच टेकवला. उचलला, परत टेकवला. आणि म्हणाला, "फुम्ला."

बस, तेवढंच. मरेपर्यंत दुसरा शब्द नाही. ऐकलं ते लेंचकानं आणि आईनं. आता आईही नव्हती. गावाला सांगितलं असतं तर त्या शब्दाचंही बें बें झालं असतं, म्हणून लेंचकानं त्याच्यावर लांडगा पांघरला.

आणि मग खालच्या शहरातल्या सपात्यांच्या कारखान्यानं दावा लावला. फुम्ला हा अख्ख्या डोंगराचा जुना शब्द, तो एका बाईच्या नावावर कसा? नोंदणी रद्द करा.

"मला सांगा, शब्द तुम्ही पहिल्यांदा ऐकलात कुणाकडून?" तिच्या बाजूच्या वकीलबाई ओझबोल्ट विचारत होत्या.

"भावाकडून."

"आणि पणजी?"

"पणजी शहरात वाढलेली. कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलायची."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग लांडगा?"

"लांडगा मी आणला."

"बघू," वकीलबाई म्हणाल्या, "परत नेता येतो का."

नाही नेता आला. कोर्टात कारखान्याच्या वकिलानं खोक्यातली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. रिकामं तोंड चघळण्यापाशी न्यायाधीशबाईसुद्धा हसल्या. एरवी कुणी असं हसलं की लेंचकाला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. आज तिला मान वर करवेना. 'सगळ्या बाया सपात्याला फुम्लाच म्हणतात' ही शेवटची ओळ तर वकिलानं दोनदा वाचली.

मग पावला साक्षीला उभी राहिली. पावला म्हणजे शेजारीण, लहानपणापासूनची.

"माझी आजी फुम्लाच म्हणायची," पावला म्हणाली. "भट्टीवर वाळत घालायची. मला अजून दिसतात."

"पावला, अगं तुझी आजी लाकडी जोडे घालायची," लेंचका बसल्या जागेवरून म्हणाली. "निघाली की सबंध गावाला कळायचं."

न्यायाधीशबाईंनी तिला गप्प बसवलं. पावला खोटं बोलत नव्हती हो, आणि कारखान्याची मिंधीही नव्हती. इतकी वर्षं गोष्ट ऐकून ऐकून तिच्या डोक्यातल्या आजीच्या पायात सपाते आले होते. पुढचे दोन म्हातारेही तसंच सांगून गेले, अगदी मनापासून.

शेवटी लेंचका उठली आणि तिनं तीनेचं सांगितलं. फळी, पाय, शब्द. सांगायला एवढंसंच होतं. लांडगा नाही, गाय नाही. कुणी हसलं नाही, कुणी पुढंही सरकलं नाही.

"तुमचा भाऊ मुका होता, असं गाव म्हणतं," कारखान्याचा वकील अदबीनं म्हणाला.

"गावासमोर मुका होता."

"आणखी कुणी ऐकलं?"

"आईनं."

"त्या येऊ शकतील?"

लेंचका खाली बसली.

बाहेर पडवीत पावलानं तिचा हात धरला. "का गं, त्या बिचाऱ्याला कशाला ओढलंस यात? मेलेल्या मुक्याच्या तोंडी शब्द घालतेस. लांडग्याची गोष्ट काय वाईट होती?"

नोंदणी रद्द झाली. शब्द सगळ्यांचा झाला.

थंडीत पावलाच्या नावाचा सण आला, म्हणजे तिचं नाव ज्या संतावरून ठेवलं त्याचा दिवस, तिथं तो वाढदिवसासारखा करतात. न जाऊन कसं चालेल, लेंचका गेली. दारात पावलानं तिच्यापुढं नवेकोरे सपाते ठेवले, रबरी तळ असलेले, कारखान्याचे.

"घाल. सगळ्यांना फुम्लेच आणलेत यंदा."

लेंचकानं घातले. चालली तसं चप, चप वाजलं.

अक्रोडाची पोतित्सा, सणाचा तो गुंडाळी केलेला गोड पाव, कापून झाली. पावलाच्या नातीनं विचारलं, फुम्ला म्हणजे काय गं, हे आधी कोण म्हणालं?

"ते लेंचकालाच विचार," पावला म्हणाली. "तिच्यासारखं कुणी सांगत नाही."

लेंचकानं भट्टीशेजारच्या बाकाकडं पाहिलं. तिथं पाहुण्यांचे कोट पडले होते.

"तीने नावाचा एक..." ती म्हणाली.

पावलानं मान हलवली. रागानं नाही, मायेनंच. नको गं, राहू दे, अशी.

लेंचकानं एक घोट वाईन घेतली.

"लांडगे दोन होते," ती म्हणाली.

खुर्च्या जवळ सरकल्या. टेबलाखाली लेंचकानं पाय सपात्यातून काढून घेतले आणि उघडे फळीवर टेकवले. फळी थंडगार होती.